वरचे जोशी

उज्जैनला आमच्या माधवनगरच्या घरात फोन आला तेव्हा गल्लीत दुसरा फोन नव्हता, त्यामुळे तो आमचा कमी आणि गल्लीचा जास्त होता. बैठकीच्या खोलीत दिवाणाशेजारी एका तिपाईवर तो असे, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. लोक आपल्या कार्डांवर, लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर आमचा नंबर देत आणि पुढे 'पी.पी.' लिहीत. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, पण निरोप मिळेल. बाबा बँकेत, धुळ्याहून बदलून आलेले आणि मग इथलेच झालेले. बाकी बाबतीत ते मऊ होते, पण फोनच्या बाबतीत त्यांचा नियम कडक होता. ज्याचा फोन आहे त्याला तो मिळालाच पाहिजे. जेवण चालू असो, घरात कोणी आजारी असो, उठायचं आणि हाक मारायची. ते काम माझं होतं. "श्रीवास्तव आंटी, आपका फोन है, भोपालसे," असं मी गच्चीवरून ओरडायची आणि आंटी हाताला लागलेल्या कणकेसकट धावत यायच्या. बारावीपासून कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत मी एकही फोन चुकवला नव्हता. आई पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, "आमची नीलू म्हणजे एक्स्चेंज आहे."

वरच्या मजल्यावर एक खोली, एक मोरी आणि पुढे गच्ची. ती भाड्याने द्यायची असं ठरलं तेव्हा बाबांच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं की, त्यांचा एक विद्यार्थी आहे, रसायनशास्त्रात पीएच.डी. करतोय, अतिशय सज्जन, फक्त त्याला कोणी खोली देत नाही. का देत नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. तो आला तेव्हा कळलं. जोसेफ मुलेंगा, झांबियाचा. उंच, रंगाने आमच्या तव्यासारखा काळा, आणि इतका हळू बोलणारा की आईला दोनदा "काय?" विचारावं लागलं. बाबा एकदा शब्द देऊन बसले होते. आई स्वयंपाकघरात म्हणाली, "घरात दोन मुली आहेत, तुम्हाला काही सुचतं का?" बाबा म्हणाले, "महिनाभर बघू." तो महिना साडेतीन वर्षं चालला.

जोसेफ हे नाव आईच्या तोंडात बसेना. पहिल्याच आठवड्यात तिने त्याचं 'जोशी' केलं. "जोशींना पाणी आलं का विचार गं," "जोशींच्या कपड्यांवर चिमण्या बसल्यात बघ." तोही हसून "आलो आई" म्हणायला शिकला. गल्लीतली पोरं मात्र त्याला कालू म्हणत, आणि कोपऱ्यावरचा दूधवाला त्याच्यासमोरच विचारी, "भाभीजी, आपके हब्शी को कितना देना है?" आई त्याला झापायची. हे सगळं मी आमच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. आता नीट लिहायला बसले आहे तर तेही लिहायला हवं की, जोसेफचं ताट, वाटी आणि कप वेगळे होते. आईने कधी 'वेगळे' असा शब्द वापरला नाही. ते नुसते वेगळ्या फळीवर असत, आणि घासले जात शेवटी.

खाण्यावरून त्या दोघांचं जमलं होतं. तो वर स्टोव्हवर मक्याच्या पिठाचा एक घट्ट गोळा शिजवायचा, त्याच्या घरी रोज खातात तसा. एकदा आईने वास घेतला, झाकण काढून बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही तर आपली उकड!" मग तिने तांदळाच्या पिठाची ताकातली उकड केली, वर लसणाची फोडणी, कच्चं तेल, आणि त्याला वाटीभर पाठवली. तो वाटी परत करायला आला तेव्हा डोळे पुसत होता. मिरची लागली म्हणाला. संध्याकाळी तो त्याचा रेडिओ लावायचा, त्यातून खरखर जास्त आणि आवाज कमी यायचा, आणि खाली आईच्या कुकरची शिट्टी झाली की तो वरून ओरडायचा, "तीन झाल्या!" कारण आई मोजायला विसरते हे त्याला माहीत होतं.

रविवारी सकाळी त्याच्या गच्चीवर त्याच्या देशाकडची मुलं जमायची. पाच-सहाजण होते, कोणी बी.एस्सी.ला, कोणी बी.कॉम.ला. त्यांत ग्रेस नावाची एक मुलगी होती, माझ्याच वयाची, दर रविवारी रडून आलेली असायची. हॉस्टेलचं जेवण, वर्गातलं हसणं, सायकलवरून जाताना मारलेल्या हाका. तिला परत जायचं होतं. जोसेफ आधी सगळ्यांना पोहे-जलेबी आणून खायला घालायचा, मग अभ्यास घ्यायचा. मीही वही घेऊन जाऊन बसायला लागले, कारण मला केमिस्ट्रीत काही म्हणजे काही येत नव्हतं. त्याने मला शिकवलं. मोल म्हणजे काय हे त्याने शेंगदाणे घेऊन शिकवलं, ते मी आज माझ्या वर्गात तसंच शिकवते.

त्याने ग्रेसला सांगितलेलं एक मला शब्दशः आठवतं. इंग्रजीत सांगितलं होतं, मध्ये मध्ये हिंदी. तो खाणींच्या गावातला होता. "आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला कायम बाहेरचा माणूस," तो म्हणाला. "आधी इंग्रज, मग इंडियन. चांगले होते. पण माझ्या रंगाचा माणूस त्या फळ्याजवळ फक्त एकदा यायचा, तास संपल्यावर फळा पुसायला. तो माझा काका होता. मला पंधराव्या वर्षापर्यंत खरंच वाटायचं की केमिस्ट्री हे दुसऱ्या लोकांचं काम आहे, पुसणं आपलं." ग्रेस म्हणाली, "मग?" तो म्हणाला, "मग काही नाही. मी जाऊन तिथे उभा राहीन. शिकवण्यात मी ग्रेट असेन असं नाही. पण पहिल्या बाकावरच्या पोराला दिसेल. तू तुझी तीन वर्षं पूर्ण कर, मागून ये. मी स्टाफरूममध्ये तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवतो." ग्रेस नाक पुसत हसली. "कुशन वाली कुर्सी," म्हणाली.

त्या खुर्चीची वेळ आली तेव्हा जोसेफचा प्रबंध टाइप व्हायचा बाकी होता. त्याच्या गावाजवळच्या शिक्षक-महाविद्यालयात रसायनाची एक जागा निघाली होती. तिथला एक अधिकारी दिल्लीला दोन-तीन दिवसांसाठी येणार होता आणि भारतात शिकणाऱ्या काही निवडक मुलांना फोन करून सोमवारी मुलाखतीला बोलावणार होता. फोन शनिवारी, अकरा ते एकच्या मध्ये. अर्जावर नंबर आमचा होता, पुढे 'पी.पी.' लिहिलेलं. हे त्याने मला आठवडाभर आधी सांगितलं आणि म्हणाला, आत्ता घरात कोणाला बोलू नकोस, झालं तर पेढे आणीन.

आणि तोच शनिवार ताईला बघायला येण्याचा ठरला.

ताईचं आधी दोन ठिकाणी फिसकटलं होतं. कारण कोणी तोंडावर सांगत नाही. पण मधली बाई आईला म्हणाली होती, "वहिनी, मुलगी लाखात एक आहे हो, पण तेवढं वरचं बघा." हे लोक इंदूरचे होते, मुलगा इंजिनियर, घर चांगलं, आईने देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते. शुक्रवारी संध्याकाळी बाबा वर गेले. मी जिन्यात उभी होते. बाबा खाकरले, मग आणखी एकदा खाकरले. "जोसेफ, कल मेहमान आ रहे हैं. लड़केवाले. तो आप... थोडा..."

"मैं लाइब्रेरी चला जाऊंगा, बाबा. कोई बात नहीं," तो म्हणाला. बाबांना वाक्य पूर्ण करावं लागलं नाही. जाताना जिन्यात तो माझ्यापाशी थांबला. "नीलू, तू आहेस ना घरी उद्या? नाव, नंबर, वेळ लिहून घे. बस्स. एवढंच." मी म्हणाले, "मी आजपर्यंत कोणाचा फोन चुकवलाय का?" तो म्हणाला, "म्हणूनच मी निवांत जातोय." त्याने गच्चीवरचे कपडे काढून आत नेले, रेडिओ आत नेला, दाराला कुलूप घातलं. कोणी सांगितलं नव्हतं तेही केलं.

पाहुणे साडेदहाला आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. आईने पोहे केले होते, वर शेव, डाळिंबाचे दाणे. मुलाची आई म्हणाली, "छान झालेत. म्हणजे उज्जैनच्या मानाने." सगळे हसले, आई जास्त हसली. ताई खाली मान घालून बसली होती, मी पाण्याचे पेले नेत होते. मग मुलाच्या आईने वर बघून विचारलं, "वर भाडेकरू आहेत वाटतं?"

बाबांनी कप खाली ठेवला. "हो. जोशी म्हणून आहेत. युनिव्हर्सिटीत रिसर्च करतात."

"अस्सं? कोणते जोशी? देशस्थ का?"

बाबांनी कप पुन्हा उचलला. "लांबचे आहेत," ते म्हणाले. "तिकडचे."

"लग्न व्हायचंय का त्यांचं?" काकांनी विचारलं. "आमच्याकडे अजून एक पुतणी आहे!" पुन्हा हसणं. स्वयंपाकघरात आईच्या हातातला झारा ताटात पडल्याचा आवाज झाला. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

तेव्हा फोन वाजला. तिपाईला लागूनच मुलाची आई बसली होती, तिच्या गुडघ्यावरून हात नेऊन मला तो उचलावा लागला. जुन्या फोनचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. एक शांत, जड आवाज इंग्रजीत म्हणाला, मी दिल्लीहून बोलतोय, मिस्टर जोसेफ मुलेंगा यांच्याशी बोलायचं आहे. पाच माणसं माझ्याकडे बघत होती. ताई बघत नव्हती, तिने डोळे मिटले होते. मी म्हणाले, "नो सच पर्सन हिअर. राँग नंबर." आणि ठेवून दिला.

दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. तोच आवाज. या वेळी त्याने आमचा नंबर एकेक आकडा करून वाचला आणि विचारलं, हाच आहे ना? मी म्हणाले, "नो." मग रिसीव्हर ठेवताना क्रोशाच्या रुमालाची घडी मी त्याच्याखाली सरकवली, म्हणजे तो पूर्ण बसणार नाही आणि फोन पुन्हा वाजणार नाही. मला माहीत होतं मी काय करतेय. पहिल्यांदा घाबरून बोलले असं मी कोणालाही सांगू शकते. रुमालाचं काय सांगणार?

"कोण होतं गं?" मुलाच्या आईने विचारलं.

"राँग नंबर."

"हल्ली फार येतात बाई," ती म्हणाली आणि ताईला विचारायला लागली, भरतकाम येतं का.

मला तेव्हा काय वाटलं हे लोक विचारतील. काही वाटलं नाही. मी आत जाऊन जलेबी वाढली. हातावर पाक सांडला तो चाटला. आजही तो दिवस आठवताना मला छातीत कालवल्यासारखं वगैरे होत नाही, आणि याचंच मला सर्वांत जास्त भय वाटतं.

जोसेफ पाचच्या सुमाराला आला. जिन्याखाली उभा राहून त्याने आधी विचारलं, "ताईचं कसं झालं?" मी म्हणाले, बहुतेक जमेल. तो खरंच खूश झाला. मग म्हणाला, "आणि माझा?"

"नाही आला," मी म्हणाले.

"एकदाही वाजला नाही?"

"वाजला. दुसऱ्यांचे होते."

रविवारी मुलं आली तेव्हा त्याने सांगितलं, दिल्लीवाल्यांना उशीर झाला असेल, मी उद्या सकाळी स्वतः करतो. सोमवारी तो टॉवर चौकातल्या एस.टी.डी. बूथवर गेला. तास-दीड तासाने परत आला तेव्हा मी आणि आई शेंगा सोलत होतो. तो दारातच उभा राहिला, आत बोलावल्याशिवाय तो कधी येत नसे. म्हणाला, ते म्हणतात की तुम्ही चुकीचा नंबर दिलात. आता यादी भरली. पुण्याहून एकजण पोचला आहे, त्याला घेतील. मग खिशातून छोटी डायरी काढून म्हणाला, "नीलू, तुमचा नंबर जरा सांग."

मी सांगितला. तेव्हा आमचा नंबर पाच आकडी होता. तो प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवत गेला. शेवटच्या आकड्यावर त्याचं बोट बराच वेळ राहिलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. फोनकडे बघत होता.

आई म्हणाली, "लाइनमध्ये काही गडबड असेल हो जोशी. या लोकांचं काही सांगता येतं का?"

"हो आई," तो म्हणाला. "लाइन."

त्याला कळलं होतं का? मी अनेक वर्षं स्वतःला सांगितलं की नव्हतं कळलं. पण प्रबंधातली एक चूक शोधायला चारशे पानं चाळणारा माणूस होता तो. पुढच्या रविवारी त्याने मला नेहमीसारखं शिकवलं. एक गणित चुकलं तर नेहमीसारखा म्हणाला, "पुन्हा कर, घाई कसली?" तो ओरडला असता तर मी कदाचित बोलले असते. हेही मी स्वतःलाच सांगते. खरं असेल असं नाही.

ग्रेसने मात्र विचारलं. मला नाही, त्याला. माझ्यासमोर, मी वही मांडीवर घेऊन बसले असताना. "मग आता तिथे कोण उभं राहणार?" तो म्हणाला, पुण्याचा तो मुलगा चांगला आहे, आपल्याच गावाकडचा आहे, काय फरक पडतो? ग्रेस म्हणाली, "मी त्याला ओळखत नाही. मी तुझ्यासाठी थांबले होते." परीक्षा न देता ती उन्हाळ्यात परत गेली. जोसेफ तिला दोन रविवार समजावत होता. मी दोन्ही रविवारी तिथे होते. एक वाक्य बोलले असते, की त्याची लायकी कमी पडली नाही, त्याला कोणी नाकारलं नाही, नंबर बरोबर होता, मी खोटं बोलले, तर ग्रेसला निदान एवढं कळलं असतं की तिच्यासारख्यांसाठी दार बंद नव्हतं, आमच्या बैठकीच्या खोलीत कोणीतरी ते लावून घेतलं होतं. पण ताईची सुपारी फुटायची होती. मी पुढचं गणित केलं.

ताईचं लग्न त्याच घरात झालं. चांगलं झालं. माणसं चांगली निघाली, सासूने ताईला मुलीसारखं वागवलं, आणि त्या शनिवारचा एक शब्द ताईला आजही माहीत नाही. हे लिहिलेलं आता ती वाचेल. जोसेफ लग्नाला आला नाही, त्याला आम्ही पत्रिका दिली होती, तारीखही सांगितली होती, पण 'या' असं आग्रहाने कोणी म्हटलं नाही. त्याचा प्रबंध मंजूर झाला आणि तो गेला. बाबा त्याला स्टेशनवर सोडायला गेले होते. माझा दुसऱ्या दिवशी पेपर आहे असं मी सांगितलं. पेपर चार दिवसांनी होता. त्याचं ताट आणि कप आईने कामवालीला देऊन टाकले.

केमिस्ट्रीत मला विद्यापीठात तिसरा नंबर मिळाला. नानाखेड्याच्या पुढे एका कॉलेजात मी वीस वर्षांहून जास्त शिकवते आहे, आणि दरवर्षी नव्या मुलांना करिअरवर बोलायचं काम माझ्याकडे असतं. त्या भाषणात मी जोसेफची गोष्ट सांगते. खाणीचं गाव, फळा पुसणारा काका, शेंगदाणे. पहिल्या वर्षी मी गोष्ट तिथेच थांबवली होती. मागून एक मुलगा म्हणाला, "मॅम, फिर? टीचर बने?" मी म्हणाले, "हां. आज वो वहां हेड ऑफ डिपार्टमेंट हैं." टाळ्या झाल्या. मग दरवर्षी तेच. आता आमच्याकडे आफ्रिकेतली वीस-पंचवीस मुलं असतात, फार्मसीला, कॉम्प्युटरला. ती भाषणात मागे बसतात, फोन बघत. ही गोष्ट सुरू झाली की त्यांचे फोन खाली जातात. ते मला स्टेजवरून दिसतं. तरी मी सांगत राहिले.

या वर्षी भाषणानंतर नताशा नावाची एक मुलगी स्टाफरूममध्ये आली. फार्मसीची, पहिलं वर्ष, झांबियाची. म्हणाली, "मॅम, मला सरांचा ईमेल हवा आहे. मला त्यांना लिहायचंय. परत जावंसं वाटतंय मला, पण त्यांनी इथे दिवस कसे काढले ते विचारायचं आहे." मी म्हणाले, नंतर ये. ती म्हणाली, "नंतर कधी, मॅम?" खोलीत आणखी कोणी नव्हतं. मी तिला बसायला सांगितलं, आणि तिला सगळं सांगितलं. पाहुणे, फोन, रुमाल, डायरी, ग्रेस. रडले नाही. हजेरी वाचावी तसं सांगितलं. हेड ऑफ डिपार्टमेंट हे मी बनवलेलं आहे, हेही.

नताशाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ते कधीच शिकवायला लागले नाहीत?"

"माहीत नाही."

"तुम्ही शोधलं नाही? इतक्या वर्षांत?"

"नाही."

"दोन मिनिटं लागतात, मॅम," ती म्हणाली. रागाने नाही. न समजल्यासारखं. तिने फोन काढला, नाव टाकलं, बोटाने वर वर सरकवत राहिली. "हे तिकडे खूप कॉमन नाव आहे. पुष्कळ आहेत. एक चर्चमध्ये आहे, एक खाणीत आहे, दोन-तीन टीचर दिसतात." तिने खुर्ची माझ्या बाजूला ओढली आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये धरला. "तुम्ही बघा. तुम्ही ओळखाल."

पहिला फोटो चष्मा लावलेल्या, पांढऱ्या केसांच्या माणसाचा होता. दुसरा टोपीतला. तिसरा कुठल्याशा समारंभात, हातात पेला. मी चेहरे बघत गेले. साडेतीन वर्षं तो माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहिला, वीस वर्षं मी त्याला दरवर्षी स्टेजवर उभा केला, आणि मला एकाही चेहऱ्याबद्दल खात्रीने सांगता येईना, हाही वाटत होता आणि तोही. नताशा माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला ते समजलं असणार. तरी तिने फोन खाली ठेवला नाही.

"हे?" तिने विचारलं.

"नाही सांगता येत," मी म्हणाले. "पुढचा दाखव."